विश्लेषण : चंद्रपूरची हवा मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी कोण करते? अणुकेंद्रांच्या पद्धतीतून काय शिकता येईल?

चिमणीत यंत्र बसले, आकडे ऑनलाइन दिसू लागले की प्रदूषणावर लक्ष आहे, असा आपला समज होतो. पण यंत्राने दाखवलेला आकडा बरोबर आहे का, यंत्र योग्य जागी आहे का आणि ते बंद पडले तेव्हा काय झाले, हे तपासणारी व्यवस्था वेगळी लागते. अणुऊर्जा केंद्रांभोवती अशी व्यवस्था अनेक दशकांपासून आहे. देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत गेलेल्या चंद्रपुरात आणि उद्योगांच्या उंबरठ्यावर असलेल्या गडचिरोलीत तिच्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

विषय आता चर्चेत का?

याला तीन कारणे आहेत. पहिले, चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र चालवणारी महानिर्मिती ही सरकारी कंपनी अणुऊर्जेकडे वळू पाहत आहे. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉम कंपनीशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीच्या विकासासाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने, आजवर केंद्र सरकार आणि त्याच्या कंपन्यांपुरते मर्यादित असलेले हे क्षेत्र इतरांनाही खुले केले. याचा अर्थ चंद्रपुरात अणुभट्टी येणार, असा नाही. मात्र कोळशाची राख हाताळणारी कंपनी उद्या किरणोत्सारी पदार्थ हाताळणार असेल, तर तिच्या मोजमापाच्या शिस्तीबद्दल आजच विचारणे रास्त ठरते.

दुसरे कारण, जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठीचे सल्फर डायऑक्साइडचे नियम सैल केले. देशातील बहुतांश केंद्रांना हा वायू रोखणारी ‘एफजीडी’ यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून अटींसह सूट मिळाली. अतिप्रदूषित पट्ट्यांच्या किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या १० किलोमीटर परिघातील केंद्रे ‘ब’ वर्गात येतात. त्यांचा निर्णय प्रत्येक प्रकरण पाहून घेतला जाणार आहे. चंद्रपूर या वर्गात मोडते. प्रकरणनिहाय निर्णय म्हणजे आकड्यांवर निर्णय. मग ते आकडे किती विश्वासार्ह, हा प्रश्न केवळ तांत्रिक उरत नाही.

तिसरे कारण, ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नवे नियम आले. त्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या जोडीला नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षकही उद्योगांची तपासणी करू शकतील. तपासणारा कोण आणि त्याला पैसे कोण देणार, हा मुद्दा त्यामुळे ऐरणीवर आला आहे.

चंद्रपूरची नेमकी स्थिती काय?

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र हे महानिर्मितीचे सर्वात मोठे केंद्र. येथील पहिला संच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला. सुरुवातीचे दोन जुने संच बंद झाल्यानंतर आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे पाच संच येथे आहेत. पाणी इरई धरणातून येते. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला ताडोबाचे जंगल, अवतीभवती कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरचा कागद कारखाना, अशी या परिसराची रचना आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथे ठरले. ७० च्या वर गुण म्हणजे ‘अतिप्रदूषित’. त्यानंतर जानेवारी २०१० मध्ये अशा पट्ट्यांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण परवानग्यांवर तात्पुरती बंदी आली. २०१८ च्या मूल्यांकनातही चंद्रपूर ७० च्या वरच राहिले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांत चंद्रपूरचा समावेश झाला.

म्हणजे चंद्रपूर प्रदूषित आहे, हे सांगण्यासाठी नव्या अभ्यासाची गरज नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. त्यातला वाटा कोणाचा, तो वाढतो आहे की घटतो आहे आणि केलेल्या उपायांचा उपयोग झाला का? याचे उत्तर काटेकोर मोजमापातूनच मिळते.

अणुकेंद्राभोवती मोजमाप कसे होते?

महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच तेथे आले. केंद्र चालवते न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन. परिसरातील किरणोत्साराचे मोजमाप मात्र भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करते. देशातील प्रत्येक अणुऊर्जा केंद्राजवळ अशी प्रयोगशाळा असते आणि ती साधारण ३० किलोमीटर परिघातून नमुने गोळा करते.

या पद्धतीत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली, मोजमाप प्रकल्पाच्या आधी सुरू होते. अणुभट्टी चालू होण्यापूर्वीच तेथील माती, पाणी, हवा आणि अन्न यांतील नैसर्गिक किरणोत्साराची नोंद घेतली जाते. कारण किरणोत्सार निसर्गातही असतो. मूळ पातळी माहीत नसेल, तर प्रकल्पामुळे किती भर पडली हे कधीच सांगता येत नाही.

दुसरी, मोजमाप चिमणीपाशी थांबत नाही, ते माणसाच्या ताटापर्यंत जाते. हवा आणि पाण्याबरोबर दूध, भाजीपाला, धान्य आणि मासे तपासले जातात. बकरीच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचेही नमुने घेतले जातात. कारण किरणोत्सारी आयोडीन हवेतून चाऱ्यावर आणि चाऱ्यातून जनावराच्या या ग्रंथीत साठते. हवेत जे यंत्राला कसेबसे सापडेल, ते येथे अधिक ठळक दिसते.

तिसरी, अंतिम आकडा ‘चिमणीतून किती निघाले’ हा नसतो. ‘जवळ राहणाऱ्या माणसाला वर्षभरात किती पोहोचले’ हा असतो. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबीने सामान्य नागरिकांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. मंडळाच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक केंद्राभोवतीचा अंदाजित डोस या मर्यादेशी ताडून दिला जातो.

मोजमापाची तपासणी म्हणजे काय?

नमुने घेणे वेगळे आणि नमुने घेण्याची पद्धत तपासणे वेगळे. अमेरिकेतील अणुनियामक आयोगाच्या निरीक्षकांसाठी याची स्वतंत्र कार्यपद्धती आहे. तिचा गाभा साध्या प्रश्नांत मांडता येतो.

• नमुना केंद्र नकाशावर दाखवले तेथेच आहे का? निरीक्षक स्वतः तेथे जाऊन पाहतो. यंत्राभोवती झाड वाढले आहे का, जवळ भिंत उभी राहिली आहे का, हेही पाहिले जाते.

• हवा ओढणाऱ्या पंपाचे प्रवाहमापक अचूक आहे का? फिल्टरवर किती धूळ साठली यापेक्षा किती हवेतून साठली, हे महत्त्वाचे असते. प्रवाहाचा आकडा चुकला की पुढचे सगळे गणित चुकते.

• वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारा मनोरा चालू आहे का? वारा कळला नाही, तर धूर कोणत्या गावावर गेला हे कळत नाही.

• किती नमुने चुकले आणि का? पंप बंद पडला, वीज गेली, दूध मिळाले नाही, अशी प्रत्येक चूक वार्षिक अहवालात कारणासह नोंदवावी लागते.

• प्रयोगशाळेची परीक्षा घेतली का? बाहेरची संस्था प्रमाण आधीच ठाऊक असलेला नमुना पाठवते. प्रयोगशाळेला तो आकडा सांगितलेला नसतो. तिचे उत्तर जुळले नाही, तर तिच्या इतर निकालांवरही प्रश्न येतो.

• सर्वात जवळचे घर, सर्वात जवळची परसबाग आणि सर्वात जवळचे दुभते जनावर कोठे आहे? केंद्राभोवतीच्या परिसराचे १६ भाग करून ही जमीनवापराची नोंद ठरावीक काळाने नव्याने घेतली जाते. नवी वस्ती झाली, तर नमुन्याची जागाही बदलावी लागते.

या सगळ्याचा वार्षिक अहवाल प्रत्येक केंद्राला दर वर्षी १५ मेपर्यंत द्यावा लागतो आणि तो कोणालाही ऑनलाइन वाचता येतो.

वरील प्रश्नांपैकी एकही प्रश्न केवळ अणुभट्टीपुरता नाही. ‘किरणोत्सार’ काढून ‘धूळ’ किंवा ‘पारा’ लिहिले, तरी प्रश्न तेच राहतात.

चिमणीतले यंत्र असूनही आकडा चुकू शकतो का?

हो, आणि तेही कोणी मुद्दाम फेरफार न करता. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये औष्णिक केंद्रांसह १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना चिमणीत अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवण्याचे आणि त्यांचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर पाठवण्याचे आदेश दिले. हे पाऊल मोठे होते. त्याआधी अधिकारी अधूनमधून चिमणीवर चढून नमुना घेत आणि त्या काही तासांवरून वर्षाचा निष्कर्ष काढला जाई.

पण धूळ मोजणारी बरीच यंत्रे धूळ थेट मोजत नाहीत. चिमणीत प्रकाशाचा झोत सोडून तो किती अडला किंवा विखुरला, हे ती पाहतात. त्यावरून मिलिग्रॅमचा आकडा काढण्यासाठी एक गुणक लागतो. तो त्याच चिमणीत हाताने नमुना घेऊन ठरवावा लागतो. असा नमुना घेताना चिमणीतील वायू ज्या वेगाने जातो, त्याच वेगाने तो ओढावा लागतो. वेग जुळला नाही, तर जड कण निसटतात किंवा जास्त सापडतात.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असते आणि ते खाणीगणिक बदलते. कोळसा बदलला की कणांचा आकार आणि रंग बदलतो आणि गुणक जुना होतो. यंत्र चालू असते, आकडे येत असतात, पण त्यांचा अर्थ बदललेला असतो.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे एका ढोबळ गणितातून पाहू. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने चालताना ताशी साधारण २० लाख घनमीटर वायू चिमणीतून सोडतो. २०१५ च्या नियमांनुसार २००४ ते २०१६ दरम्यानच्या संचांसाठी धुळीची मर्यादा घनमीटरला ५० मिलिग्रॅम आहे. त्याआधीच्या संचांसाठी ती १०० आहे. समजा, अशा एका नव्या संचाच्या यंत्राने ४५ दाखवले, पण प्रत्यक्षात धूळ ९० होती. पडद्यावर संच नियमात. हवेत मात्र तासाला ९० किलो, म्हणजे दिवसाला २ टनांहून अधिक धूळ नोंदीबाहेर गेली. हे केवळ उदाहरण आहे, कोणत्याही विशिष्ट संचाचा आकडा नाही. पण नियमित पडताळणी का हवी, ते यातून कळते.

यंत्रांच्या प्रमाणीकरणासाठी देशात स्वतंत्र व्यवस्थाही उशिरा आली. २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे ही जबाबदारी देण्यात आली, म्हणजे यंत्रे बसवण्याचे आदेश निघाल्यानंतर पाच वर्षांनी.

शहरातली यंत्रे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

चंद्रपुरात हवेची अखंड मोजणी करणारी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन केंद्रे आहेत. एक शहरात, दुसरे खुटाळा औद्योगिक वसाहतीत. त्यांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर मोबाइलवर पाहता येतात. जिल्ह्यात इतर काही ठिकाणी हाताने नमुने घेतले जातात. राष्ट्रीय निकषांनुसार अशा ठिकाणी आठवड्यातून दोनदा, वर्षात किमान १०४ दिवस २४ तासांचे नमुने घ्यावे लागतात.

ही केंद्रे शहराच्या हवेचा दर्जा सांगतात. वाटा कोणाचा, हे सांगत नाहीत. वीज केंद्राच्या उंच चिमणीचा धूर जवळ पडेलच असे नाही. तो काही किलोमीटर पुढे जाऊन उतरतो. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार होते. तेव्हा वाहने, कोळशाची वाहतूक, उघड्यावर जळणारा कचरा आणि शेगड्यांचा धूर खालीच कोंडतो. त्यामुळे एखाद्या थंड सकाळी निर्देशांक चढला, तर दोष चिमणीचा की कोळशाच्या ट्रकचा, हे केवळ ॲपवरून ठरत नाही.

आणखी एक बाब. निर्देशांक काढण्यासाठी किमान तीन प्रदूषकांचा आणि दिवसातील किमान १६ तासांचा डेटा लागतो. यंत्र बंद असलेला दिवस चांगल्या दिवसांत मोजला जात नाही, तसा वाईट दिवसांतही मोजला जात नाही. तो नोंदीतून गळतो. अमेरिकेतील निरीक्षक ‘चुकलेले नमुने दाखवा’ असे आधी का विचारतो, ते येथे कळते.

हवेपलीकडचे चित्र आणखी धूसर आहे. कोळशात अल्प प्रमाणात पारा असतो. राखेच्या तळ्यातून पाणी झिरपू शकते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राख ओढ्यांत आणि शेतांत पसरली होती. दुसरीकडे चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड नैसर्गिकरीत्याच जास्त आहे. एखाद्या विहिरीत फ्लोराइड सापडले, तर ते खडकातले की राखेतले? प्रकल्पाआधीची नोंद नसेल, तर हा वाद कधीच मिटत नाही. गावकरी प्रकल्पाकडे बोट दाखवतात, प्रकल्प भूगर्भाकडे.

कोळसा आणि किरणोत्सार यांचा काही संबंध आहे का?

आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा. कोळशात युरेनियम आणि थोरियम अत्यल्प प्रमाणात असतात. कोळसा जळून गेला की उरलेल्या राखेत त्यांचे प्रमाण काही पट वाढते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९७८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की, सुरळीत चालणाऱ्या अणुकेंद्रापेक्षा कोळसा केंद्राच्या धुरातून आसपासच्या लोकांना मिळणारा किरणोत्साराचा डोस जास्त असू शकतो. यात घाबरण्याचे कारण नाही, कारण दोन्ही डोस कमीच होते. चंद्रपूरकरांच्या फुप्फुसांना खरा धोका बारीक धुळीचा आहे. मुद्दा हा की, धोक्याच्या आकारापेक्षा धोक्याच्या नावावर आपली तपासणी ठरते. ‘अणू’ म्हटले की बकरीची ग्रंथी तपासली जाते. ‘कोळसा’ म्हटले की चिमणीतल्या एका आकड्यावर समाधान मानले जाते.

तारापूरचेच उदाहरण पाहा. २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशात पहिल्या क्रमांकावर तारापूर होते, ९३.६९ गुणांसह. पण ते अणुकेंद्रामुळे नव्हे, तर काही किलोमीटरवरील रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे. गावाचे नाव एक, पण तपासणीच्या पद्धती दोन.

तपासणाऱ्याला पैसे कोणी द्यावेत?

या प्रश्नाचे पुराव्यासह उत्तर शेजारच्या गुजरातमधून आले आहे. तेथे मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांना दर वर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागे. लेखापरीक्षक कारखानाच निवडे आणि पैसेही तोच देई. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

काही कारखान्यांसाठी लेखापरीक्षक सोडतीने ठरवला गेला. त्याचे पैसे सामाईक निधीतून दिले गेले आणि त्याच्या काही नोंदींची दुसऱ्याकडून पुन्हा तपासणी झाली. जुन्या पद्धतीत बरेच आकडे मर्यादेच्या जरासे खाली येऊन थांबत. नव्या पद्धतीत प्रदूषण खोटेच मर्यादेत दाखवण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. पुढे त्या कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केले. यंत्रे तीच, कायदा तोच. बदलले ते एवढेच की तपासणारा तपासल्या जाणाऱ्याच्या उपकारात राहिला नाही.

२०२५ च्या लेखापरीक्षण नियमांची खरी कसोटी येथेच आहे. परीक्षकाची नेमणूक सोडतीने होते का, पैसे कोणाच्या खिशातून जातात आणि परीक्षकाच्या कामाची फेरतपासणी होते का, या तीन उत्तरांवर त्यांचे यश ठरेल.

मग अणुक्षेत्रात सारे आलबेल आहे का?

नाही. भारतातील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा अणुकेंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या नाहीत, ही जमेची बाजू. पण भाभा केंद्र आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही दोन्ही एकाच अणुऊर्जा विभागाखाली येतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या एईआरबीच्या स्वायत्ततेवर तर थेट महालेखापरीक्षकांनीच २०१२ मध्ये बोट ठेवले होते. स्वतंत्र नियामकासाठी २०११ मध्ये आणलेले विधेयक मंजूर न होताच बारगळले. ‘शांती’ कायद्याने आता मंडळाला कायदेशीर दर्जा दिला आहे. खासगी आणि राज्य सरकारी कंपन्या या क्षेत्रात येतील, तेव्हा त्याचा कस लागेल.

पारदर्शकतेतही अंतर आहे. डोसचा वार्षिक सारांश मिळतो. पण कोणत्या गावातून कोणता नमुना घेतला, किती नमुने चुकले आणि का, हा तपशील सामान्य माणसाला अमेरिकेइतका सहज मिळत नाही. म्हणून अणुक्षेत्राची पद्धत घ्यावी, त्याचा बंदिस्तपणा नव्हे.

गडचिरोलीसाठी हा विषय का महत्त्वाचा?

चंद्रपूरसाठी प्रकल्पाआधीच्या नोंदीची वेळ चार दशकांपूर्वीच निघून गेली. गडचिरोलीसाठी ती अजून पूर्ण गेलेली नाही. दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाखाली असलेल्या या जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे लोहखनिजाची खाण सुरू आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे. आणखी प्रकल्पांची चर्चा आहे.

पर्यावरण परवानगीसाठीच्या अभ्यासात मूळ स्थितीची नोंद बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामाची, म्हणजे साधारण तीन महिन्यांची असते. हिवाळ्यात मोजले तर धूळ जास्त, उन्हाळ्यात नदीला पाणी कमी, पावसाळ्यात खाणीतून वाहून येणारा गाळ मात्र मोजलाच जात नाही. गडचिरोलीत पावसाळाच चार महिने जनजीवन ठरवतो. अणुकेंद्रांसाठी जी नोंद सगळे ऋतू पाहून घेतली जाते, ती येथे एका हंगामात आटोपते.

नमुने कोणते घ्यावेत, हेही स्थानिक जीवनावरून ठरायला हवे. अणुकेंद्राभोवती ‘सर्वात जवळचे दुभते जनावर’ शोधतात, कारण तेथे दूध हा प्रदूषण माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग असतो. गडचिरोलीत हा मार्ग मोहफुलांतून, तेंदूपानांतून, नदी-नाल्यांतील माशांतून आणि भाताच्या बांध्यांतून जातो. खाणीच्या रस्त्यालगतच्या मोहावर किती धूळ बसते, याची आज नोंद झाली तरच दहा वर्षांनी तुलना शक्य आहे. आणि ही नोंद कोठे घ्यायची, हे ग्रामसभेइतके चांगले कोणी सांगू शकणार नाही.

नागरिकांना आज काय पाहता येईल?

• ‘समीर’ ॲपवर आकड्याबरोबर केंद्राचे नाव आणि प्रमुख प्रदूषक कोणता, हे पाहा. पीएम २.५ ची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १५ ची आहे.

• पर्यावरण परवानगी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. ग्रामपंचायत किंवा नगरसेवकांनी तो मागून वाचायला हरकत नाही.

• माहिती अधिकारात केवळ ‘प्रदूषणाचे आकडे द्या’ असे विचारू नका. चिमणीतील यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली, कोणी केली, वर्षात यंत्र किती तास बंद होते, हे विचारा. आकड्याहून हे प्रश्न अधिक बोलके असतात.

• गावाजवळ नमुना केंद्र असेल, तर ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. भिंतीआड, झाडाखाली किंवा धुळीच्या रस्त्याला चिकटून असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

पुढे काय?

चंद्रपूरच्या वीज केंद्राभोवती अणुकेंद्राच्या धर्तीवर स्वतंत्र पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा उभारणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पारा, फ्लोराइड, आर्सेनिक आणि बारीक धूळ मोजण्याची उपकरणे देशात आहेत. चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, नागपुरात राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था अर्थात ‘नीरी’ आहे. नमुने गोळा करायला प्रशिक्षित तरुण मिळतील. नाही ती कमाई चालवणारा आणि मोजणारा यांना वेगळे ठेवण्याची आणि चुकलेला नमुनाही जाहीर करण्याची सवय.

‘ब’ वर्गातील केंद्रांबाबतचा निर्णय होईल, तेव्हा एफजीडी बसवायची की नाही यावर चर्चा होईल. ती व्हायलाच हवी. पण त्या चर्चेत मांडले जाणारे आकडे कोणी मोजले आणि मोजणाऱ्याला कोणी तपासले, हा प्रश्न आधी विचारला गेला नाही, तर निर्णय कोणताही झाला तरी दुर्गापूर, ऊर्जानगर आणि पद्मापूरच्या रहिवाशांना तो पटण्याचे कारण उरणार नाही.